कुणाची गाडी आली?

"कुणाची गाडी आली गं?" मामांनी सोप्यातल्या खाटेवरून विचारलं. मी परातीतल्या पिठातून हात न काढता म्हणाले, "आपलीच."

झालं ते एवढंच. सव्वीस-सत्तावीस वर्षं होऊन गेली त्याला. पण एखादा शब्द असा असतो की तो बोलून झाल्यावरही तोंडातच राहतो, बडीशेपेच्या काडीसारखा दातांत अडकून. "आपलीच" हा माझा तसा शब्द आहे. तो खरा होता की खोटा, हे मला त्या दिवशी कळलं नाही. नंतर कळलं असं वाटलं, मग तेही डळमळलं. आज जरा नीट मांडून बघते.

गाडी म्हणजे आमची जीप. महिंद्रची, पेट्रोलवर चालणारी, सीजे थ्री बी. बोरगावात ती मामांच्या आधीपासून लोकांना माहीत होती, कारण मामांनी ती एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडून जुनीच घेतलेली. मी लग्न होऊन आले तेव्हा तिचा मूळ रंग कोणता हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. दार नाही, काच एकच, छपराचं ताडपत्रीचं कापड दर पावसाळ्याआधी आत्ती मोठ्या सुईनं शिवायच्या. पण दूधगंगेच्या काठच्या काळ्या मातीत, पाऊस पडल्यावर बैलगाडीसुद्धा रुतते अशा पाणंदीतून, ती चारही चाकं लावून निघायची. उसाचं बेणं, खताची पोती, देवळाच्या पंचकल्याणकाची भांडी, अडलेल्या बाळंतिणी, सगळं तिनं वाहिलं. माझा थोरला पोटात असताना रात्री अडीच वाजता मला निपाणीला नेलं ते याच गाडीतून. पाऊस होता, मामा चालवत होते आणि आत्ती मागं माझं डोकं मांडीवर घेऊन णमोकार म्हणत होत्या. त्या आवाजात खालून इंजिनाचा आवाज मिसळलेला. सलग, मऊ, शिवणयंत्रासारखा. अजून आठवतो.

मामांची आठवण याहून जुनी. १९८१ सालच्या मार्च-एप्रिलात निपाणीला तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर बसले होते. गावोगावच्या बाया भाकरी थापून पाठवत होत्या. आमच्या घरची बुट्टी याच जीपमधून जायची. शेवटी गोळीबार झाला, माणसं गेली. मामा त्याबद्दल फार बोलत नसत. फक्त एवढं म्हणत, "त्या दिशी हिनं मला घरी आणलं." म्हणूनच त्यांनी सांगून ठेवलं होतं, "मी हाय तवर इंजिनाला कुणी हात लावायचा न्हाई."

आणि १९९८ च्या मे महिन्यात, मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कोल्हापूरला वन्संच्या घरी गेले असताना, आमच्या धाकट्या भाऊजींनी हात लावला.

भाऊजींची बाजू मी मांडलीच पाहिजे. जीप लिटरला सहा किलोमीटरसुद्धा देत नव्हती. डिझेल तेव्हा पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास दरात मिळायचं. इंजिन ऑइल पीत होतं, धूर निळा येत होता, दोनदा रिंगा घालून झाल्या होत्या. मिस्त्री म्हणाले होते, आता ब्लॉकच गेला. गाडी उभी करून ठेवायची, भंगारात घालायची, नाहीतर इंजिन बदलायचं. उभी ठेवली तर दोन पावसाळ्यांत कोंबड्यांचं खुराडं झालं असतं. आमच्या भागात पेट्रोलच्या जुन्या जीपना डिझेल इंजिन बसवणं ही तेव्हा काही नवलाची गोष्ट नव्हती. गल्लोगल्ली चाललं होतं.

इंजिन मिळालं तेही दोन ठिकाणी. पहिलं स्वस्त. भंगारवाल्याकडचं, निम्म्या किमतीत, पण पावती नाही आणि ब्लॉकवरचा नंबर कानशीनं घासलेला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, लोखंडाला कुठं नाव असतंय?" यांनी मान हलवली, म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही. आत्ती गहू निवडत होत्या. वर न बघता त्यांनी विचारलं, "पावती हाय का?" नाही म्हटल्यावर पुन्हा निवडायला लागल्या. तो विषय तिथं संपला.

आत्तींची शाळा तिसरीपर्यंतची. पण अचौर्य अणुव्रताचे अतिचार तत्त्वार्थसूत्रात पाच सांगितले आहेत. त्यातला दुसरा म्हणजे चोरानं आणलेली वस्तू घेणं. स्वतः चोरी न करता घेणं, बरं का. हे त्यांना पाठांतरानं नव्हे, बस्तीत बसून बसून अंगात मुरलेलं होतं. तिसरा अतिचार आहे राज्याचे नियम डावलून व्यवहार करण्याचा. आम्हा सीमाभागातल्या माणसांनी त्यावर फार विचार करू नये हे बरं. तेल कुठल्या राज्यात चार आण्यांनी स्वस्त आहे हे बघून टाकी भरणारी आम्ही माणसं!

तर दुसरं इंजिन कागलकडच्या एका माणसाच्या जीपचं. गाडीचा सांगाडा गंजून बसलेला, इंजिन मात्र ठणठणीत. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्यानं महिंद्रनं बनवलेलं २.१ लिटरचं डिझेल. कागदपत्रं सगळी जागेवर. पंचवीस हजार रुपये. तो माणूस पैसे मोजून घेताना म्हणाला म्हणे, "चालू ठेवा तेवढं." हे वाक्य भाऊजींनी घरी येऊन सहज सांगितलं आणि मला ते विसरता आलं नाही. त्याच्या मनात त्याची जीप अजून संपलेली नव्हती. ती आता आमच्या बॉनेटखाली राहायला येणार होती.

आठवडाभर आमच्या परड्यात लिंबाखाली हेच चाललं होतं. बाईमाणसानं यातलं काय सांगावं, पण दिवसातून पाच वेळा चहा घेऊन जाणारीला दिसतंच. बॉनेट उतरवलं, रेडिएटर काढला, वायरींना पट्ट्या बांधून त्यावर खुणा केल्या. तीन लोखंडी पाइपांची तिवई उभी करून तिला चेन ब्लॉक टांगला, आणि मिस्त्री एक एक कडी ओढत जुनं इंजिन वर घ्यायला लागले. ते सुटलं तेव्हा जीपचं नाक एकदम वर आलं, ओझं उतरवल्यावर म्हातारी बाई कशी ताठ होते तसं. इंजिन हवेत, सावकाश फिरत, खाली तेलाचे थेंब टाकत. शेजारच्या पोरी बघायला जमल्या होत्या. एकीनं मला विचारलं, "काकू, आता गाडी मेली काय?" मी म्हणाले, "नाही गं." आणि मलाच कळेना, ज्या डब्यात आता मोठं भोक आहे आणि खालची जमीन दिसते, त्याला मी जिवंत का म्हणतेय.

भाऊजींचा हिशोब होता की दोन्ही एकाच कंपनीच्या जीपची, तेव्हा सगळं आपोआप बसेल. बसलं नाही. फाउंडेशनची भोकं जुळेनात, चासीवरचे जुने ब्रॅकेट कापून नवे वेल्डिंग करावे लागले. गिअरबॉक्सच्या शाफ्टासाठी एक बुश इचलकरंजीहून करून आणावा लागला, यंत्रमागाचे सुटे भाग करणाऱ्याच्या लेथवर. पेट्रोलच्या गाडीला ठिणगी लागते, प्लग लागतात. डिझेलला ठिणगीच नाही, ते दाबानंच पेटतं. म्हणून जुनी कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर निघून गेले, त्या जागी हीटर प्लग आणि डिझेलचा पंप आला. नवं इंजिन वजनानं जड, म्हणून पुढच्या पाट्यांत एक एक पाटा वाढवला. सगळं झाल्यावर सुरूच होईना. मिस्त्री म्हणाले, एअर धरलीय. पाइपातली हवा काढत काढत संध्याकाळ झाली, आमची जेवणं दिवस मावळायच्या आत उरकायची म्हणून मी हाका मारतेय, आणि तेवढ्यात ते पेटलं. टक टक टक टक. सगळं परडं हललं. कोंबड्या उडाल्या.

दुसऱ्या दिवशी वन्संच्या यजमानांनी मामांना मोटारीनं आणून सोडलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याला काळा चष्मा. डॉक्टरांनी आठवडाभर उजेडात जायचं नाही, वाकायचं नाही म्हणून सांगितलेलं. त्यांना काय आणि कधी सांगायचं यावर आमच्या चौघांची स्वयंपाकघरात बैठक झाली. ठरलं ते हे की, डोळा बरा होईपर्यंत नको. रक्तदाब वाढला तर ऑपरेशन वाया जायचं. हे कारण खोटं नव्हतं. पण त्यात आम्हा सगळ्यांची भीतीही सोयीस्करपणे बसत होती, फाउंडेशनच्या नव्या भोकांसारखी नव्हे, अगदी नेमकी.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींना गाडी काढावीच लागली. आणि मामांनी विचारलं, कुणाची गाडी आली गं.

"आपलीच."

"आपली?" ते म्हणाले.

"सायलेन्सर बदललाय मामा."

हे दुसरं वाक्य शुद्ध खोटं. त्याबद्दल मला काही वाद घालायचा नाही. सायलेन्सरसुद्धा बदलला होता, नवीन नळी घातली होती, हे तेव्हा मी मनाला सांगितलं. असं सांगावं लागतं तिथंच सगळं आलं. पण पहिलं वाक्य? ते खोटं होतं का?

बी. ए. ला असताना आम्हाला तत्त्वज्ञानाचा एक पेपर होता. त्यात ग्रीक लोकांच्या जहाजाची गोष्ट होती. प्लूटार्क नावाच्या लेखकानं लिहून ठेवलेली. थिसिअस या वीराचं जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवलं. फळी कुजली की नवी घालायची. असं करता करता सगळंच बदललं, तेव्हा हे तेच जहाज की दुसरं, यावर विद्वान भांडत राहिले. आपल्याकडं मिलिंद राजाला भिक्षू नागसेनानं विचारलं होतं, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? दांडा? यातलं काहीच नाही, मग रथ म्हणजे एक नाव फक्त. परीक्षेत हे मी लिहिलं आणि बऱ्यापैकी मार्क मिळवले. तिवईला टांगलेलं इंजिन बघेपर्यंत मात्र हा प्रश्न कुणाला झोपेतून उठवू शकेल असं वाटलं नव्हतं.

नागसेनाचं उत्तर मला पटत नाही. मी जैन घरात जन्मले म्हणून असेल. नुसतं नाव म्हटलं की बाळंतिणींच्या त्या रात्री, निपाणीच्या त्या भाकरी, सगळंच नावापुरतं होतं. आणि काहीच बदलत नाही म्हणणाऱ्यांचंही पटत नाही, त्यांनी कधी रिंगा घातलेल्या नसाव्यात. आपल्या शास्त्राचं म्हणणं मधलं आहे, आणि मला ते संसारी माणसाच्या जास्त जवळचं वाटतं. जे जे आहे त्यात क्षणोक्षणी काही उपजतं, काही नाहीसं होतं आणि काही टिकून राहतं. तिन्ही एकदम. द्रव्य राहतं, पर्याय बदलतो.

समंतभद्र आचार्यांनी आप्तमीमांसेत यासाठी सोन्याच्या घटाचा दाखला दिला आहे. सोन्याचा कलश वितळवून मुकुट केला. ज्याला कलश हवा होता तो रडला. ज्याला मुकुट हवा होता तो हसला. ज्याला सोनंच हवं होतं तो ना हसला ना रडला. तिघांचं वागणं सकारण आहे, एकही वेडा नाही. त्याच्या पुढचाच दाखला तर थेट आपल्या स्वयंपाकघरातला. ज्यानं फक्त दूध घेण्याचं व्रत केलंय तो दही खात नाही. ज्यानं दह्याचं व्रत केलंय तो दूध पीत नाही. आणि गोरसाचाच त्याग केलेला दोन्ही घेत नाही. दशलक्षणात रसत्याग करणाऱ्या आपण बायकांना हे कुणी समजावून सांगायला नको. दह्याचा त्याग असलेल्या जावेला कुणी म्हणेल का, "घे की ताई, शेवटी दूधच ते"?

आता बघा मी काय केलं ते. मामा दह्याबद्दल विचारत होते आणि मी गोरसाचं उत्तर दिलं.

आमच्याकडं अनेकांत हा शब्द फार लवकर तोंडावर येतो. प्रत्येक गोष्टीला अनेक बाजू असतात, कुठल्या तरी अपेक्षेनं सगळंच खरं असतं, असं म्हणून आपण पुष्कळ गोष्टी गुंडाळतो. मीही त्या रात्री तेच केलं. अंथरुणावर पडल्या पडल्या स्वतःशी युक्तिवाद. चासी तीच, चाकं तीच, नंबरप्लेट तीच, ताडपत्रीवरचे आत्तींचे टाके तेच. कुठल्या तरी अपेक्षेनं गाडी आपलीच आहे. शिवाय मालकीच्या दृष्टीनं तर ती शंभर टक्के आपलीच. वाक्य खरं आहे.

वाक्य खरं होतंच. पण आपल्या दहा धर्मांमध्ये सत्य वेगळं ठेवलंय आणि आर्जव वेगळं ठेवलंय. ते का, हे मला त्या आठवड्यात समजलं. सत्य वाक्यात असतं. आर्जव म्हणजे सरळपणा. मनात एक, तोंडात एक, हातात एक असं नसणं. पूर्ण खरं वाक्य बोलूनही वाकडं वागता येतं, आणि ज्याला चार बुकं वाचून नयवाद समजलाय त्याला ते जास्त सफाईनं येतं. विचारणाऱ्याला काय जाणून घ्यायचंय हे पक्कं ठाऊक असताना, दुसऱ्या बाजूनं खरं असलेलं उत्तर देणं, हा अनेकांताचा उपयोग आहे की त्याची चोरी? मी त्याला चोरी म्हणते. निदान पावती नसलेला माल तरी.

यावर माझी एक मैत्रीण म्हणते, तू उगीच पिंजत बसतेस. म्हाताऱ्या माणसाला जपलंस, त्यात काय चुकलं? खोटं बोलून कुणाचा जीव दुखायचा वाचत असेल तर ते बोलावं, श्रावकाला तेवढी मुभा आहे. असेल. कडू औषध गुळात देतात हे मलाही माहीत आहे. माझी अडचण अशी की मी नक्की कुणाला जपत होते? मामांच्या डोळ्याला की, भाऊजींवर त्यांनी आवाज चढवला तर तो मलाही ऐकावा लागेल म्हणून मला? दोन्ही होतं. किती कशाचं, याचं माप माझ्याकडं तेव्हाही नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला खटकत होती. आम्ही सगळे समजत होतो की मामा "मूळ" गाडीला कवटाळून बसलेत. परिग्रह म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूवरची मूर्च्छा, हे आपण ऐकत आलोच आहोत. मामांची ती मूर्च्छा, असं आम्ही आपापसांत बोलत होतो. पण मूळ म्हणजे काय? ही जीप ज्या साच्यातून आली तो अमेरिकेच्या विलिज कंपनीचा. त्यांनी १९५३ साली आधीच्या जीपमध्ये नवीन, उंच इंजिन घातलं. ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच वर उचललं. आमच्या जीपचं ते उंच कपाळ, ज्यावरून ती लांबून ओळखू यायची, ते कारखान्यातच झालेल्या इंजिनबदलाची खूण होती! हे भाऊजींनी सांगितलं तेव्हा मी हसत सुटले. आणि पुढं महिंद्रनं स्वतःच जीपमध्ये डिझेल इंजिनं घालून विकली. मग आमच्या परड्यातलं काम म्हणजे भ्रष्टाचार की परंपरा? मूर्च्छा मामांचीच होती असंही नाही. पंचवीस हजार घालून गंजक्या पत्र्याला पुन्हा चालता करणारे भाऊजी काय निर्मोही होते? आणि ती गाडी भंगारात जाऊ नये म्हणून मनातल्या मनात देवाला नारळ बोललेली मी?

कधी कधी हे सगळंच हास्यास्पद वाटतं. आमच्या शेजारच्या भोजचे शांतिसागर महाराज. वाहनाला स्पर्श न करता या देशात किती चालले त्याला गणती नाही. सदलगा तर हाकेच्या अंतरावर, विद्यासागर महाराजांचं जन्मगाव. चालणाऱ्या पायांच्या या मुलखात आम्ही इंजिनाचं तेच की दुसरं करत बसलोय. पण त्यांनी सोडलं ते सगळं सोडलं. आम्ही संसारी माणसं धरून बसलोय, तर निदान काय धरलंय ते ओळखावं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी सांगितलं. जाप संपवून मामा माळ डबीत ठेवत होते. आत्ती बस्तीत गेलेल्या, हे शेतावर. मी खांबाला टेकून उभी राहिले आणि सगळं एका दमात बोलून टाकलं. इंजिन बदललंय. डिझेलचं बसवलंय. कागलकडचं आहे. कागदं आहेत, नवा नंबर आरसी बुकात चढवायला दिलाय. मी परवा खोटं बोलले.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सायलेन्सर बदलला की आवाज मोठा हुतोय. टकटक कशी यील?"

म्हणजे पहिल्याच सकाळी कळलं होतं त्यांना. माणसाच्या कानाला तीस वर्षांचं इंजिन बदललेलं कळणार नाही असं आम्ही मानलं, हा आमचा आणखी एक अपमान त्यांच्यावर. ते चार दिवस वाट बघत होते, घरातलं कोण येऊन सांगतंय याची. ते हेही म्हणाले नाहीत. हे माझं मीच ताडलं. चहा आणून देताना त्या चार दिवसांत त्यांनी माझ्याकडं तोंड वळवलं की मला ते नेहमीपेक्षा जास्त वेळ वळवलेलं का वाटायचं, ते आता कळलं.

मी म्हणाले, "मामा, आपलीच म्हणाले ते तरी खोटं नव्हतं."

"व्हय," ते म्हणाले. "पर मी मालक न्हवता इचारला. आवाज इचारला हुता."

आप्तमीमांसा मी नंतर वाचली, चाळिशीत, एका स्वाध्याय शिबिरात. समंतभद्रांचा तो गोरसाचा दाखला आला तेव्हा मला खाटेवर बसलेले मामा दिसले, काळा चष्मा लावलेले.

"जुनं कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

ते गोठ्यात होतं, पोत्याखाली. भंगारवाला किलोवर मागत होता, भाऊजींनी अजून दिलं नव्हतं. मी त्यांचा हात धरून गोठ्यात नेलं. वाकायला डॉक्टरांची मनाई, म्हणून मी पाट आणून दिला. त्यावर ताठ बसून त्यांनी पोतं बाजूला केलं आणि ब्लॉकवरून हात फिरवला. तेलकट, थंड. ते नंबर शोधत होते. सापडल्यावर बोटानं एक एक आकडा चाचपून पुटपुटत म्हणाले, आणि सगळे बरोबर होते. आरसी बुक न बघता. मला वाटलं आता डोळ्यांत पाणी येईल, ऑपरेशन, पट्टी, डॉक्टर काय म्हणतील. तसं काही झालं नाही. ते म्हणाले, "देऊन टाक. गोठ्यात जागा लागती."

मला हे समजायला वेळ लागला. आम्ही ज्याला मूर्च्छा म्हणत होतो ती त्या लोखंडावर नव्हतीच फारशी. त्यांना न विचारता झालं, हे त्यांना लागलं होतं. कलश मोडला म्हणून ते रडत नव्हते. कलश मोडताना सोनाराच्या दुकानात त्यांना बसायचं होतं. दाखल्यात हा चौथा माणूस नाही. कदाचित असेलही आणि पंडितांनी सांगितला नसेल.

भाऊजींवर ते ओरडलेच नाहीत. त्यामुळं भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत नीट. ओरडले असते तर बरं, असं मला म्हणाले.

पट्टी सुटल्यावर मामा एका सकाळी स्वतःहून परड्यात आले. जीपभोवती एक फेरी मारली, जसे नव्या बैलाभोवती मारतात. नवीन वेल्डिंगवर नख ओढून बघितलं. मग चढून बसले. भाऊजी जवळ गेले, हीटर कसा द्यायचा ते सांगायला लागले. मामांनी हात वर करून थांबवलं आणि स्वतःच सगळं केलं, म्हणजे कुणाला तरी करताना कधीतरी बघून ठेवलं होतं. इंजिन पेटलं. टक टक टक टक. डोळे मिटून ऐकलं त्यांनी. मग किल्ली फिरवून बंद केली.

बंद होईना. किल्ली हातात, आणि इंजिन आपलं चालूच. मामा किल्लीकडं बघताहेत. जन्मभर पेट्रोलची गाडी चालवलेली, किल्ली काढली की गाडी गप्प, हे त्यांच्या हाताला ठाऊक. भाऊजी घाबरत घाबरत पुढं झाले आणि डॅशबोर्डखालची नवी काळी मूठ दाखवली. ती ओढली की पंपाचं डिझेल तुटतं, मग हे थांबतं. मामांनी मूठ ओढली. शांतता झाली. मग पुन्हा सुरू केलं, पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर किंचित काहीतरी आलं, आणि मला आठवलं की हा माणूस कधीकाळी वीस-पंचवीस वर्षांचा होता.

"ह्येला किल्लीचं भ्या न्हाई," ते म्हणाले.

खाली उतरता उतरता त्यांनी भाऊजींना सांगितलं, "टाकीच्या टोपणावर मोठ्या अक्षरात डिझेल लिही. पंपावरची पोरं ह्या गाडीला वळखत्यात. सवयीनं पेट्रोल घालतील."

भाऊजी रंगाचा डबा आणायला धावले.

"कन्नडात पण लिही रं," मामांनी मागून हाक मारली. "निम्मी पोरं तिकडची हायती."